गाडी चालू होत नाही, झटके मारते, मधेच बंद पडते : तुमच्याकडे काय झालं होतं?

घाटमाथा

जानेवारीत साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी चढून उतरलो आणि सुरूर फाट्याच्या जरा अलीकडे चालती गाडी बंद. झटका नाही, आवाज नाही, नुसतं इंजिन गेलं. बाजूला घेऊन सेल्फ मारला तर सेल्फ अगदी दणदणीत फिरतोय पण गाडी काही उचलत नाही. बायको-मुलं रस्त्याकडेला उन्हात. अर्ध्या तासाने परत चावी फिरवली तर पहिल्या सेल्फला चालू, आणि पुढे साताऱ्यापर्यंत आणि परत पुण्यापर्यंत काही म्हणजे काही झालं नाही.

पेट्रोल गाडी, ११ वर्षं जुनी. पुढच्या चार महिन्यांत असं सहा वेळा झालं आणि दर वेळी टोचन करून गॅरेजला नेईपर्यंत ती गार होऊन चालू व्हायची, त्यामुळे मेकॅनिकला दोष कधी दिसायचाच नाही. एकाने प्लग आणि पेट्रोल फिल्टर बदलला, दुसऱ्याने टाकीतला पेट्रोलचा पंप बदलला, तिसऱ्याने प्लगला स्पार्क देणारी कॉइल. साडेचौदा हजार गेले. मी कुणाला खोटं म्हणत नाही, चालू असलेल्या गाडीत बंद पडण्याचं कारण शोधणं अवघडच आहे.

शेवटी एका वयस्कर वायरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बोनेट उघडायच्या आधी मला बसवून विचारलं, बंद पडते तेव्हा गरम असते का गार? किती वेळाने चालू होते? आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का? हे शेवटचं मला कुणीच विचारलं नव्हतं, आणि मला आठवलं की काटा शून्याला चिकटलेला असायचा. ते म्हणाले क्रँक सेन्सर असणार, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा (क्रँक) कुठे आहे ते सांगणारा. गाडी तिथेच उभी करून पाऊण तास चालू ठेवली, बंद पडली, त्यांनी खालून हात घालून सेन्सरवर ओलं फडकं धरलं, थोड्या वेळाने सेल्फ मारला, चालू! सेन्सर तापला की आतली तार संपर्क सोडायची, सिग्नल जायचा, आणि क्रँक कुठे आहे हे कळलं नाही की ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) ना स्पार्क सोडतो ना पेट्रोल. पार्ट अकराशे रुपयांचा.

म्हणून हा धागा. तुमच्या गाडीचं काय निघालं ते लिहाच, पण त्याआधी गाडी नेमकी काय करत होती ते जास्त लिहा. आवाज कसला, गार असताना का गरम, पावसात का, दिवे लागत होते का. पुढच्या माणसाला त्यावरूनच आपली गाडी ओळखता येईल.

मल्टीमीटर

माझी केस बॅटरीची, पण वाटली तेवढी सरळ नव्हती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी तीन महिने सोसायटीत उभी राहिली तेव्हा बॅटरी बसली ते समजण्यासारखं होतं. पण गेल्या वर्षी नवीन बॅटरी टाकूनसुद्धा दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की टक-टक-टक-टक, डॅशबोर्डचे दिवे मंद, सेल्फ नाही. बॅटरीवाल्याने वॉरंटीत बदलून दिली, तीसुद्धा तशीच.

मग साडेतीनशेचा मीटर आणला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. गाडी चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे, नाही दिसलं तर डायनामो चार्जिंग करत नाहीये. माझ्याकडे चार्जिंग बरोबर होतं. म्हणजे बंद गाडीत कुणीतरी करंट पीत होतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मीटर मधे लावला (असा लावल्यावर सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटर जळेल), गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो कारण आतली सगळी यंत्रं झोपायला वेळ लागतो, आणि पाहिलं तर ४०० मिलीअँपिअर. ५० च्या आत असायला हवं. ०.४ अँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-अवर, आणि माझी बॅटरी ३५ ची, म्हणजे तीन दिवसांत कारभार आटोपला. एकेक फ्यूज काढत गेलो, एक काढल्यावर आकडा धपकन खाली. बाहेरून बसवून घेतलेल्या डॅशकॅमची वायर चावीवर न घेता थेट चालू लाईनवर जोडलेली होती. दोन चांगल्या बॅटऱ्या उगाच बदनाम झाल्या.

शेवंती

आमच्याकडे टक-टकसुद्धा नाही, एकच टक आणि शांत. बोनेट उघडलं तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी चढलेली. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतलं, घासलं, आवळून बसवलं, वरून व्हॅसलीन. चालू. काढताना आधी निगेटिव्ह आणि बसवताना आधी पॉझिटिव्ह, नाहीतर पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडते.

काळीपिवळी

माझे वडील मुंबईत ३० वर्षं टॅक्सी चालवायचे, कार्बोरेटरवाली. मे महिन्यात दादर टीटीच्या सिग्नलला गाडी गुदमरून बंद पडायची, मागे हॉर्नचा गोंधळ, आणि ते शांतपणे उतरून बोनेट उघडायचे. डिकीत एक पाण्याची बाटली आणि जुन्या बनियनचं फडकं कायम ठेवलेलं असायचं. फडकं भिजवून इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर आणि पाइपवर गुंडाळायचे. उन्हाने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही, हे मला फार नंतर कळलं, त्यांचं म्हणणं एवढंच की "तिला ताप आलाय, पट्टी ठेव." दहा मिनिटांत गाडी चालू. घाटमाथा, तुमच्या काकांचं ओलं फडकं वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. कारण वेगळं, पण हात तोच.

कोकणवाट

चिपळूण, २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी पहाटेपासून चढत होतं, गाडी वर हलवायला वेळ मिळाला नाही, सीटच्या वरपर्यंत पाणी. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर गल्लीत सगळ्यांनी काय केलं असेल तर चावी फिरवून पाहिली. साहजिक आहे, दोन रात्री झोप नसलेला माणूस तेच करतो. माझा मेव्हणा फोनवर ओरडला की चावीला हात लावू नको, म्हणून आम्ही थांबलो.

कारण असं की हवेच्या पाइपातून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. सेल्फ मारला किंवा इंजिन चालू झालं की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शेजारच्यांच्या गाडीचं तेच झालं, इंजिन पूर्ण उघडायला लागलं, आणि इन्शुरन्सवाले म्हणाले की पाणी गेल्यावर चालू केल्यामुळे झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

आमच्या गाडीचे आधी चिखलासकट सगळ्या बाजूंनी फोटो काढले, बॅटरी सोडवली, मग क्रेनवर चढवून रत्नागिरीला. तिथे प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं तेव्हा दोन सिलिंडरमधून पाणी उडालं, मी स्वतः पाहिलं. ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं, ते दोनदा बदललं. सीट, वायरिंगचे जोड, सेल्फ, सगळ्याचा खर्च झालाच पण इंजिन वाचलं. अजून तीच गाडी चालवतो.

नाशिकची_मी

मला अनुभव नाही, अडचण आहे, इथे विचारलं तर चालेल ना? सीएनजी गाडी, ६ वर्षं. सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर चालू होते आणि चालू झाल्यावर थोडा वेळ थरथरते. सीएनजीवर गेली की एकदम गुळगुळीत, दिवसभर काही त्रास नाही. बॅटरी नवीन. गॅरेजवाले म्हणतात किट ट्यून करू. शाळेत ७ ला पोचायचं असतं हो, रोज धाकधूक.

मल्टीमीटर

@नाशिकची_मी, किटला हात लावू देऊ नका अजून. तुमची गाडी चालू पेट्रोलवर होते आणि मग सीएनजीवर जाते, आणि त्रास तेवढ्या पेट्रोलच्या वेळेपुरताच आहे. टाकीत पेट्रोल किती असतं?

नाशिकची_मी

एक कांडी. कधीकधी लाल दिवा. महिन्यातून दोनशेचं टाकते.

घाटमाथा

ताई, उद्या सकाळी एक करून बघा. चावी ऑन करा पण सेल्फ मारू नका, मागच्या सीटखालून दोन सेकंद घूंऽऽ असा पंपाचा आवाज येईल, थांबला की चावी बंद. असं तीन वेळा करा आणि मग सेल्फ मारा. पहिल्या झटक्यात चालू झाली तर रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर उतरतंय. बराच काळ टाकी रिकामी ठेवली की पंप कोरडा पडतो, त्याला थंडावा पेट्रोलचाच असतो, आणि तळातला गाळ तो ओढतो. मीपण पंपावर पैसे घालवलेत पण माझ्या केसमध्ये गरज नव्हती, तुमच्यात असू शकेल, म्हणून आधी तपासा.

पर्वतीपायथा

गाडी चालू, पण पिकअप नाही, झटके, आणि चेक लाईट (डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा) उघडझाप. गावाला जाऊन दहा दिवसांनी आलो होतो. बोनेटखाली इंजेक्टरची वायर कुरतडलेली आणि बॅटरीशेजारी सीताफळाच्या बिया. उंदीर. पावसाळ्यात त्यांना गरम कोरडी जागा लागते. वायर जोडून, टेप गुंडाळून काम झालं. तंबाखूची पानं ठेवून पाहिली, वास उडाला की परत येतात. सगळ्यात उपयोग झाला तो पार्किंगमधली कचऱ्याची बादली हलवल्याचा, आणि दर दोन दिवसांनी बोनेट उघडून बघायच्या सवयीचा.

दुसरा_गिअर

झटक्यांवरून, चेक लाईट नुसता लागलाय का उघडझाप करतोय हा फार मोठा फरक आहे. उघडझाप म्हणजे कुठल्यातरी सिलिंडरमधलं पेट्रोल जळत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तिथे जळतंय, तो तापून खराब झाला तर खर्च मोठा. अशा वेळी दामटायची नाही.

माझ्या गाडीत चढावर झटके यायचे, सपाटीला काही नाही. ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला, कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस करतोय. पण का ते कोड सांगत नाही, प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल. म्हणून इंजिन बंद करून दोन नंबरची कॉइल तीन नंबरला आणि तीनची दोनला लावली, कोड पुसला, आणि चढावर नेली. आता आला पी०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला म्हणजे कॉइलच. एक पैसा न घालवता कळलं. एकच कॉइल बदलली, दोन वर्षं झाली.

रंकाळा

बटनस्टार्ट गाडी. लेकीच्या दवाखान्यातनं रात्री अकराला बाहेर आलो, बटन दाबतोय तर चावी सापडत नाही असं दाखवतंय, आणि चावी माझ्या हातात! लई घाबरलो, पोरीला ताप होता. चावीतला छोटा सेल संपलेला. दवाखान्याच्या वॉचमनदादांनी सांगितलं, चावीच बटनाला टेकवून धरा आणि ब्रेक दाबून चालू करा. झाली. चावीत आतमधे एक चिप असते, तिला सेल लागत नाही, एकदम जवळ धरली की गाडी ओळखते. काही गाड्यांत ती टेकवायची जागा वेगळी असते, ती आधीच पुस्तकात बघून ठेवा बघा. आता सीआर२०३२ चा जादा सेल पाकिटात असतोय.

एडमंटन

इकडे कॅनडात पहिल्या हिवाळ्यात उणे ३१ ला गाडीने नुसतं उंऽऽ केलं. इथे लोकांच्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून एक प्लगची वायर लोंबत असते, मला आधी कळायचंच नाही ती कशाला. ती ब्लॉक हीटरची, रात्री पार्किंगमधल्या सॉकेटला लावायची, इंजिनातलं कूलंट कोमट राहतं. एवढ्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर किंवा त्याखाली येते आणि ऑइल मधासारखं घट्ट, म्हणजे सेल्फला दुप्पट ओझं आणि निम्मी ताकद. एक महत्त्वाचं, उतरलेली बॅटरी गोठते. फुगलेली दिसली तर जंप द्यायची नाही, फुटू शकते.

जंप देताना लाल आधी बंद बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि काळीचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असतो.

नाशिकची_मी

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. घाटमाथा दादांनी सांगितलं तसं केलं, तीनदा चावी ऑन-बंद आणि मग सेल्फ, पहिल्याच वेळी चालू! सलग चार दिवस करून पाहिलं, चारही दिवस तसंच. मग गॅरेजला जाऊन हेच सांगितलं आणि म्हटलं किट नको, प्रेशर बघा. त्यांनी गेज लावलं, मी शेजारीच उभी होते. पंप चालू असताना साडेतीन बार, चावी बंद केल्यावर काटा दहा मिनिटांत जवळजवळ शून्यावर. इंजेक्टर गळत नाहीत ते पाहून घेतलं, पंपातलाच व्हॉल्व्ह धरत नव्हता. पंप बाहेर काढला तेव्हा त्याच्या तळाची जाळी काळी कुळकुळीत होती.

नवीन पंप, टाकी धुतली, आणि आता पाव टाकी पेट्रोल कायम ठेवणार, आठवड्यातून एकदा गंगापूर रोडला पेट्रोलवर चक्कर मारायची असं मेकॅनिकदादा म्हणालेत. आज सकाळी सव्वासहाला एका सेल्फमध्ये चालू झाली. रविवारी आईला घेऊन वणीला जातेय.