मदत हवी आहे: दा विंची कोडचा सिनेमा येतोय आणि रविवारी मला धर्मग्रामात बोलायचंय, मग्दालिया मरियेबद्दल कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज, कारण मला खरंच मदत हवीय आणि दिवस फार थोडे उरलेत.

मी वसईची, कुपारी ख्रिस्ती घरातली, रोज विरार लोकलने चर्चगेटला नोकरीला जाते. गेल्या वर्षी ऑफिसमध्ये सगळे एकच पुस्तक वाचत होते म्हणून मीपण फुटपाथवरून ते घेतलं, डॅन ब्राऊनची कादंबरी दा विंची कोड, आणि खोटं कशाला बोलू, चार दिवसांत संपवलं, एकदा तर नायगाव कधी गेलं आणि वसई कधी आलं कळलंच नाही, थेट विरारला पोचले. लिहिलंयच तसं, प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडलंय की खाली ठेवताच येत नाही. आता १९ मे २००६ ला त्याचा सिनेमा जगभर लागतोय, रॉन हॉवर्डचं दिग्दर्शन, टॉम हँक्स, ती अमेलीवाली ऑद्रे तोतू, इयान मॅकेलन, आणि मला तो बघायचाय. हे आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर गैरसमज नको.

पण आमच्याकडे वातावरण एकदम तापलंय. सध्या मे महिना, म्हणजे रोज संध्याकाळी गल्लीतल्या क्रुसापाशी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) असते, आणि रोझरी संपली की बायका प्रार्थनेचं पुस्तक मिटतात आणि लगेच हाच विषय. येशूचं त्याच्या शिष्येशी, मग्दालिया मरियेशी, लग्न झालेलं दाखवणार म्हणे, मूल दाखवणार म्हणे, कारण पुस्तकात तसं आहे. मुंबईत निषेध चाललेत, तिकडे व्हॅटिकनमधल्या आर्चबिशप आमातो यांनी एप्रिलच्या शेवटी बहिष्काराचं आवाहन केलंय. यातल्या कोणीच पुस्तक वाचलेलं नाही, आमच्या गल्लीत वाचलेली मी एकटीच. हे आमच्या फादरांना कळलं, त्यांनी मला बोलावलं (मला वाटलं आता ओरडा बसणार) आणि म्हणाले, येत्या रविवारी १४ तारखेला मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) हॉलमध्ये वीस मिनिटं बोल, पुस्तकात काय आहे, त्यातलं खरं किती, कल्पना किती, लोकांना नीट समजू दे. मी हो म्हणून बसले.

तर तयारी करतेय, आणि बरंचसं जमलंय. मला कादंबरीचा राग नाही. माझा खरा राग आहे पहिल्या पानावर. गोष्ट सुरू व्हायच्या आधी एक पान आहे, वर मथळा 'फॅक्ट', आणि त्यात म्हटलंय की या कादंबरीतली कलाकृतींची, इमारतींची, कागदपत्रांची आणि गुप्त विधींची वर्णनं अचूक आहेत. आणि प्रायरी ऑफ सायन, म्हणजे गोष्टीत येशूच्या वंशाचं रहस्य जपणारी गुप्त संस्था, ही १०९९ मध्ये स्थापन झालेली खरी संस्था आहे. आता कादंबरीकाराने काहीही लिहावं, तो त्याचा हक्क, पण 'हे खरं आहे' असं आधी सांगून मग कथा सांगितली की वाचणारा वेगळ्या डोळ्यांनी वाचतो, मी स्वतः तशीच वाचली आणि दोन महिने मला खरंच वाटत होतं की न्यूटन आणि व्हिक्टर ह्युगो हे या संस्थेचे प्रमुख होते! नंतर शोधलं तर ती संस्था पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच माणसाने १९५६ साली नोंदवलेली, आणि त्या प्रमुखांची यादी असलेले 'गुप्त दस्तऐवज' त्याने आणि त्याच्या साथीदारांनीच बनवून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवलेले. सिनेमाच्या सुरुवातीला असं पान दाखवणार का, हेच मला सगळ्यात आधी बघायचंय. ओपस देई या कॅथलिक संस्थेने सिनेमा काढणाऱ्या सोनीकडे 'हे काल्पनिक आहे' असा डिस्क्लेमर टाकायची विनंती केलीय म्हणतात.

निकेयाची धर्मसभा, म्हणजे बिशपांची ती जुनी मोठी सभा, तो भाग पण जमलाय. पुस्तकात म्हटलंय ३२५ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने सभा भरवून मतदानाने येशूला देव केलं, तोपर्यंत तो फक्त माणूस होता. पण बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं त्याच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधीची, त्यात सरळ प्रभू म्हटलंय. निकेयातला वाद वेगळा होता, एरियस नावाच्या धर्मगुरूचं म्हणणं होतं की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, त्याच्या बरोबरीचा नाही, आणि शेवटी दोघं सोडून बाकी सगळ्या बिशपांनी सही केली. दर रविवारी आपण उभं राहून क्रीड (आपल्या श्रद्धेची कबुली) म्हणतो त्याचं मूळ तिथलं, एवढं सांगितलं की लोकांना लगेच जवळचं वाटेल. बायबलमध्ये कुठली पुस्तकं घ्यायची हा तर त्या सभेचा विषयच नव्हता.

आता जिथे अडलेय ते सांगते.

आमच्या जेवणाच्या टेबलावर, वसईत बहुतेक घरांत असतं तसं, लिओनार्दो दा विंचीच्या शेवटच्या भोजनाचं चित्र आहे. प्लॅस्टिकची सोनेरी फ्रेम, आईला लग्नात मिळालेलं. परवा मी ऑफिसमधून आले तर आई स्टुलावर उभी, हातात फडकं, पण पुसत नव्हती, चित्राला नाक लावून बघत होती. मला म्हणाली, "ही येशूच्या बाजूची बाई आहे का गं?" म्हणजे त्या चित्रात येशूशेजारी मग्दालिया मरिया बसलीय हा पुस्तकातला दावा गल्लीतून तिच्या कानावर गेलाच होता. मी म्हटलं नाही आई, तो योहान, सगळ्यात लहान शिष्य, म्हणून दाढी नाही. ती गप्प झाली, आणि मग खाली उतरता उतरता म्हणाली, "मग्दालिया मरिया बिचारी. आधीच जगाने तिला वेश्या म्हटलं, आता बायको म्हणतायत."

आणि इथे माझी बोलती बंद झाली, कारण मी वाचत होते तेव्हा मला कळलेलं की शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रात) ती वेश्या असल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. लूकच्या ८ व्या अध्यायात एवढंच आहे की तिच्यातून सात भुतं निघाली आणि ती येशूबरोबर फिरणाऱ्या, स्वतःच्या पैशाने त्यांची सेवा करणाऱ्या बायकांपैकी होती. त्याच्या आधीच्या अध्यायात जी पापी बाई येशूचे पाय अश्रूंनी धुते तिला नावच नाही. बेथानीची मरिया तिसरीच. या तिघींना एक केलं पोप पहिले ग्रेगरी यांनी, ५९१ सालच्या एका प्रवचनात, आणि मग तेराशे-चौदाशे वर्षं पश्चिमेकडे तेच चाललं, चित्रांत केस मोकळे सोडलेली रडणारी बाई, आणि तेच आईला लहानपणी धर्मशिक्षणात शिकवलेलं. १९६९ साली चर्चने सणांचं कॅलेंडर सुधारलं तेव्हा कुठे २२ जुलैच्या तिच्या सणाला पापी बाईचा उतारा मागे पडून योहानाचा २० वा अध्याय आला. पण हे गावात कोणी सांगितलंच नाही.

म्हणजे पुस्तकात जे म्हटलंय की चर्चने तिची बदनामी केली, त्यात एक कण खरा आहे. जाणूनबुजून कट करून नाही, पण झालं हे खरं. आणि त्या एका खऱ्या कणावर बाकी लग्न, मूल, फ्रेंच राजघराणं असा सगळा डोलारा उभा केलाय.

तर प्रश्न असा:

हॉलमध्ये हे सांगू का? पहिल्या रांगेत सोडॅलिटीच्या (चर्चमधल्या भक्तिमंडळाच्या) बायका असणार, माझी आई असणार, चर्चवर हल्ला होतोय म्हणून आधीच दुखावलेले लोक असणार, आणि तिथे मी उभी राहून म्हणू की इथे आपलं चुकलं होतं? नाही सांगितलं तर मी पण त्या 'फॅक्ट'च्या पानासारखंच केलं असं मला वाटेल, अर्धं दाखवायचं आणि अर्धं झाकायचं. कोणी अशा ठिकाणी बोललंय का? कसं मांडू? आणि चित्राबद्दल कोणी जाणकार असेल तर तेही सांगा, आईला मी दिलेलं उत्तर पुरेसं वाटलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

प्रतिसाद

चित्राचं मी सांगते, मी पुण्यात चित्रकला शिकवते. आईंना बरोबरच सांगितलंस पण एक भर घाल, फ्लॉरेन्सच्या चित्रकारांत योहान असाच काढायची पद्धत होती, कोवळा, लांब केसांचा, बिनदाढीचा. लिओनार्दोच्या आधीची शेवटची भोजनं बघ, त्यांतही तसाच आहे. आणि ती बाई मानली तर बारा शिष्यांतला योहान गेला कुठे? पुस्तकात तो सुरीवाला हात कोणाचाच नाही असं म्हटलंय, पण तो पेत्राचा आहे, मनगट मुरडून कंबरेशी धरलाय, आणि त्या हाताचा लिओनार्दोने केलेला अभ्यास (सरावाचं रेखाचित्र) इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसरच्या संग्रहात आहे. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे टेबलावर एक मोठा प्याला नाही हे मात्र खरं, कारण त्याने क्षण निवडलाय तो "तुमच्यातला एक माझा विश्वासघात करील" हा, सगळे दचकलेत बघ. अजून एक सांगते, मूळ चित्र मिलानच्या एका मठात, १४९५ ते १४९८ मधलं, ओल्या गिलाव्यावर न काढता कोरड्या भिंतीवर काढलं म्हणून त्याच्या हयातीतच पोपडे निघायला लागले, आणि १६५२ साली तिथल्या लोकांनी भिंतीत दार पाडलं त्यात येशूचे पायच गेले. आपल्या घरातल्या कॅलेंडर-छाप प्रिंटमध्ये जे चेहरे दिसतात ते नंतरच्या कुणी कुणी भरलेले, त्यावरून बाई की पुरुष ठरवूच नये.

प्रतिसाद

मी ख्रिस्ती नाही, पुस्तक आवडलं होतं. एक सुचवतो, फिलिपच्या शुभवर्तमानाचं (हे बायबलमध्ये नाही) नक्की घे कारण सगळा लग्नाचा पुरावा तिथून काढलाय. ते १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला मडक्यात सापडलेल्या पोथ्यांपैकी. त्यात मग्दालियेला येशूची सोबतीण म्हटलंय. पुस्तकातला म्हातारा विद्वान म्हणतो की अरामाईक भाषेत सोबतीण म्हणजे बायको, पण ती पोथी अरामाईक नाहीच, इजिप्तच्या जुन्या कॉप्टिक भाषेत आहे. आणि येशू तिचं चुंबन घ्यायचा असं जिथे येतं तिथे कुठे घ्यायचा त्या शब्दाच्या जागी पोथीच फाटलेली आहे, तिथे भोक आहे. ओठ वगैरे नंतर लोकांनी भरलेलं. मला ही गोष्ट कादंबरीपेक्षा थरारक वाटली. बाकी सिनेमावर बंदी मागू नका एवढीच विनंती, बंदी मागितली की लोकांना वाटतं काहीतरी लपवायचंय.

प्रतिसाद

बाळा, मी तुमच्याच भागातला, वय ६८, तीस वर्षं धर्मशिक्षण दिलंय. मीच तुझ्या आईच्या वयाच्या मुलींना मग्दालिया पापी बाई होती असं शिकवलं असणार. म्हणून हे मी सांगायला हवं. तू ते सांगच. पण सुरुवात "चर्चचं चुकलं" अशी करू नकोस, नाहीतर पुढचं कोणी ऐकणार नाही. आधी योहान २० वाचून दाखव, सगळा. अंधार असताना ती एकटी कबरीकडे जाते, पेत्र आणि योहान बघून घरी परततात, ती थांबते, रडते, आणि समोर प्रभू उभा तर तिला तो माळी वाटतो. मग तो नुसतं नाव घेतो, "मरिये." ती म्हणते, "रब्बूनी," म्हणजे गुरुजी. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना तिने सांगितली, म्हणून जुन्या काळापासून तिला प्रेषितांची प्रेषित म्हणतात, हे आपल्याच चर्चचे शब्द आहेत. एवढं ऐकल्यावर लोकांना विचार, अशा बाईला आपण इतकी वर्षं काय म्हणत आलो? मग ग्रेगरींचं सांग. लोक आपलेच आहेत, समजून घेतील. कोणी रागावलंच तर माझं नाव सांग, मी मागच्या बाकावर बसलेला असेन.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचं वाचून मला रडू आलं, खरंच. रविवारी भेटतेच तुम्हाला.

काल रात्री जेवण झाल्यावर आईला योहान २० मोठ्याने वाचून दाखवला. बाबा पण बसले होते. माळीच्या ओळीला आईने मला थांबवलं, म्हणाली परत वाच. आमची फुलांची वाडी आहे, बाबा पहाटे अंधारातच तिकडे जातात, हातापायाला माती लागलेली, त्यामुळे तिला ते फारच आवडलं, प्रभू वाडीवाल्यासारखा दिसला म्हणून. मग मी ग्रेगरी, ५९१, तिन्ही बायका एक कशा झाल्या ते सगळं सांगितलं, घाबरत घाबरत. ती रागावली नाही. थोडा वेळ फ्रेमकडे बघत बसली आणि म्हणाली, हे आम्हाला आधी सांगितलं असतं तर आज त्या पुस्तकाची एवढी भीती वाटली नसती.

बंदीबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांना, मी बंदी मागणार नाही, हॉलमध्येही तेच सांगणार आहे, ज्याला बघायचा त्याने बघावा पण आधी शुभवर्तमान उघडावं. फाटलेल्या पोथीचं नक्की घेते.

आता क्रम असा ठरवलाय: आधी आई योहान २० वाचणार (ती स्वतःहून म्हणाली, उतारा मी वाचते, बाकीचं तू सांग), मग मग्दालिया, मग निकेया, मग प्लांतारची बनवाबनवी, आणि चित्र शेवटी. वीस मिनिटांत बसत नाहीये, म्हणून या पुस्तकावरून लंडनच्या कोर्टात झालेली कॉपीची केस गाळली.

चित्रकलेच्या ताई, एक शेवटची मदत, विंडसरच्या त्या हाताच्या अभ्यासाचा फोटो एखाद्या पुस्तकात असेल तर शनिवार दुपारपर्यंत स्कॅन करून पाठवाल का? हॉलमध्ये ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ट्रान्सपरन्सी काढून घेईन. आणि शेवटच्या भोजनाचा मोठा स्वच्छ फोटो असेल तर तोही, आमची फ्रेम भिंतीवरून काढून हॉलमध्ये न्यायला आई तयार आहे पण मागच्या बाकावरून काही दिसणार नाही.