३.६ गिगाहर्ट्झसाठी क्यू६६०० घ्यावा की झिऑन एक्स३२२०?

निशाचर: इंटेलच्या या दोन चार-कोअर प्रोसेसरपैकी एक घेऊन ओव्हरक्लॉक करायचाय, म्हणजे मूळच्या २.४ गिगाहर्ट्झवरून ३.६ वर चढवायचाय. बोर्ड इंटेल पी३५ चिपसेटचा, रॅम डीडीआर२-८००, कूलर मोठा टॉवरवाला. झिऑन म्हणजे निवडून काढलेली चिप, ती थंड चालते, असं सगळीकडे वाचतोय. खरंय का? एक्स३२१० तर आणखी स्वस्त आहे, तो चालेल?

तापमापी: निवडून काढलेली वगैरे विसरा. दोन्हींत तेच केंट्सफील्ड सिलिकॉन आहे: ६५ नॅनोमीटर, ८ एमबी एल२ कॅशे, ९ × २६६ (मल्टिप्लायर × एफएसबी, म्हणजे प्रोसेसरच्या बसचा वेग मेगाहर्ट्झमध्ये; गुणाकार हा प्रोसेसरचा वेग). नावापेक्षा स्टेपिंग, म्हणजे चिपची सुधारित आवृत्ती, बघा; जुनी बी३, नवी जी०. क्यू६६०० बी३ चा टीडीपी (कूलरने वाहून न्यायची उष्णता) १०५ वॅट, जी० चा ९५. झाकणावरचा कोड वाचा: जी० क्यू६६०० वर एसएलएसीआर, जी० एक्स३२२० वर एसएलएसीटी. विक्रेता कोडचा फोटो देत नसेल तर बी३ च समजा.

एक्स३२१० नको. त्याचा मल्टिप्लायर ८ वर अडतो, म्हणजे ३.६ साठी एफएसबी ४५० लागेल. या क्वाडमध्ये दोन ड्युअल-कोर डाय एकाच बसवर लटकलेले असतात, त्यामुळे ड्युअल-कोरला सहज जमणारा एफएसबी इथे जमत नाही. शिवाय १:१ ला, म्हणजे रॅमचा क्लॉक एफएसबीइतकाच ठेवला तर, डीडीआरचा आकडा दुप्पट धरून रॅम ९०० वर जाईल. ९ × ४०० ला ती बरोबर ८०० वर राहते.

व्हीड्रूप: +१. आधी बोर्डाचा दम तपासा. मल्टिप्लायर ६, एफएसबी ४००, म्हणजे प्रोसेसर मूळच्या २.४ वरच. पीसीआय-ई १०० वर लॉक, स्पीडस्टेप आणि सी१ई (काम नसताना वेग उतरवणाऱ्या सोयी) बंद. इथेच मेमटेस्टमध्ये चुका आल्या तर दोष नॉर्थब्रिजचा (प्रोसेसर आणि रॅम जोडणारी बोर्डवरची चिप) किंवा रॅमचा. व्हीकोर, म्हणजे प्रोसेसरच्या कोअरचं व्होल्टेज, वाढवून काही होणार नाही. हे पार पडलं की मल्टिप्लायर ७, ८, ९ असा चढवा.

व्हीकोर ऑटोवर अजिबात ठेवू नका, बरेच बोर्ड गरजेपेक्षा जास्त देतात. आणि बायोसमधला आकडा खरा धरू नका, लोडवर तो खाली बसतो. प्राइम९५ या ताण-चाचणीचा स्मॉल एफएफटी (मुख्यतः प्रोसेसरवर ताण) चालू असताना सीपीयू-झेडमध्ये दिसेल तो धरा. स्मॉलमध्येच एखादा वर्कर थांबला तर व्हीकोर एक पायरी वर; स्मॉल तासन्‌तास चालून ब्लेंड (रॅमवरही ताण देणारी चाचणी) पडला तर रॅम किंवा नॉर्थब्रिज. १.५ व्होल्ट ही व्हीआयडीची (चिप स्वतः मागते त्या व्होल्टेजची) वरची मर्यादा, एअर कूलरवर उष्णता त्याच्या बरीच आधी आडवी येते.

निशाचर: मग एलजीए७७१ या सर्व्हरच्या सॉकेटचा झिऑन ई५४५०?

तापमापी: करामतीची तयारी असेल तर दोघांपेक्षा तोच घ्या. ४५ नॅनोमीटर, १२ एमबी एल२, ८० वॅट, ९ × ३३३, म्हणजे ३.६ साठी तेच ४०० पुरतात. पण दोन पिनांची अदलाबदल करणारा स्टिकर लावावा लागतो, खाचा कापाव्या लागतात, आणि बायोसमध्ये त्याचा मायक्रोकोड (ती चिप ओळखून चालवणारा कोड) हवा. व्होल्टेजचा हातही आखडता ठेवा, इथे व्हीआयडी १.३५ ला संपतो. स्टिकर केसभर जरी सरकला तरी स्क्रीनवर काहीच येत नाही, तेव्हा चिप मेली असं समजण्याआधी तो काढून परत बसवून बघा.