जुन्या मशीनवर विंडोज ११ : टाकावं की नाही?

खटपट्या : "रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवा, टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) तपासणी वगळा, जुन्या मशीनवर ११ टाका. रडताय कशाला?" कालची ही पोस्ट वाचून राहवेना, म्हणून लांबण लावतोय. इन्स्टॉल होतं हो. पुढे? अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. दरवर्षीची मोठी आवृत्ती बहुधा आपोआप येत नाही, पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन बसा. २४एच२ (२०२४ ची आवृत्ती) पासून तर पॉपकाउंट ही सूचना नसलेल्या प्रोसेसरवर विंडोज सुरूच होत नाही, तिथे रुफसचीही डाळ शिजत नाही. वडिलांच्या मशीनवर हा उद्योग करायचा आणि नंतर फोनवरून "आता एंटर दाबा" करत बसायचं?

बिनधास्त : पोस्ट माझीच. पॉपकाउंट नाही म्हणजे कोअर २ ड्युओच्या काळातलं मशीन, ते कोण वापरतंय? माझा सहाव्या पिढीचा आय५ मस्त पळतोय. मायक्रोसॉफ्टने ११ साठी इंटेल प्रोसेसरची यादी आठव्या पिढीपासून धरली म्हणून आधीची चांगली मशीनं भंगारात काढू?

टीकाकार : "मस्त पळतोय" म्हणणाऱ्यांकडे एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) असते, ते सांगायचं तेवढं विसरतात. हार्डडिस्कवर ११ टाकून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू निवांत, डिस्क १०० टक्के.

कागदीघोडे : माझ्या स्कॅनरचं कोणी बोलेल का? त्याला चालवणारा ड्रायव्हर ३२ बिटचा, ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. कंपनीने नवा ड्रायव्हर काढलाच नाही. स्कॅनरचा दिवा पेटतो, आणि स्क्रीनवर 'डिव्हाइस सापडले नाही'. धडधाकट वस्तू फेकायची का?

पेंग्विन : लिनक्स मिंट, विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम. तिथल्या सेनवर (स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर) बरेच जुने स्कॅनर चालतात. इन्स्टॉलही करू नका, पेनड्राइव्हवरून बूट करून बघा.

कागदीघोडे : आले! विषय कुठलाही असो, लिनक्सवाले हजर. माझं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालेल त्यावर?

पेंग्विन : वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालेलही.

कागदीघोडे : 'चालेलही'च्या भरवशावर हिशेब ठेवू? धन्य आहे.

टीकाकार : स्कॅनरसाठी वेगळा धागा काढा ना राव.

कागदीघोडे : का? जुनं मशीन म्हणजे नुसता डबा नसतो, त्याला जोडलेलं सगळं आलं. तुम्हाला एसएसडीचं तुणतुणं चालतं ते?

खटपट्या : भांडा सावकाश. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण ईएसयूत (वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत) नोंदणी केलीत तर घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. एवढी घाई कसली?

बिनधास्त : आणि त्यानंतर, १४ ऑक्टोबर २०२६ ला काय, मुहूर्त काढणार? बरं, वडिलांच्या मशीनवर नका टाकू, एवढं मान्य. माझ्या मशीनवर ११ च राहणार.

कागदीघोडे : पेनड्राइव्हवरून मिंट बघितलं. स्कॅनर चालला. फीडरमधून पाठची बाजू मात्र येत नाही, तेव्हा पेंग्विनसाहेब, पेढे वाटू नका.