गुणवत्ता: मुळात एक टोमणा

जात, वंश अशा ओळखीवर चालणारं राजकारण बंद करा, निव्वळ गुणवत्ता बघा आणि विद्यापीठांना आणखी पैसा द्या, असं एक मत ऐकू येतं. मला तिन्ही पटत नाहीत. 'मेरिटॉक्रसी', म्हणजे गुणवत्तेवर चालणारी व्यवस्था, हा शब्द १९५८ साली एका ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने गाजवला तो उपहासाने. आपण तो बिरुदासारखा मिरवतो. अमेरिकेत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशातले वंशाधारित निकष रद्दबातल ठरवले. माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना मिळणाऱ्या झुकत्या मापाला मात्र त्या निकालाने हात लावला नाही. बापाचं कॉलेज ही ओळखच की! तिला कुणी राजकारण म्हणत नाही, एवढंच.

पैशाचं म्हणाल तर ज्याला चौथीतही धड वाचता येत नाही, ते पोर विद्यापीठापर्यंत पोचणार कधी? विद्यापीठांचं अनुदान आधीच पोचलेल्यांच्या पदरात पडतं. कात्री तिथे लावा, संशोधन वगळून.