जुन्या पेन्शनचे आकडे खरे की भाषणातले? मदत हवी आहे

मंडळी, मी विट्याकडं झेडपी शाळेत शिक्षक, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलोय म्हणजे एनपीएसवाला (पगारातून कापून गुंतवायची नवी पेन्शन). जुनी पेन्शन परत दिली तर सरकारला किती पडेल, स्टाफरूममध्ये रोज हाच वाद. एक सर डिसेंबर २०२२ ला फडणवीसांनी नागपूर अधिवेशनात सांगितलेला १ लाख १० हजार कोटींचा बोजा धरून बसलेत, पण तो वर्षाचा का एकूण आणि कधीपासूनचा हे कुणीच सांगत नाय, आमच्यातले बहुतेक तर अजून रिटायर व्हायचेत. दुसरे म्हणतात उलट सरकार एनपीएसमध्ये पगाराच्या १४ टक्के हिस्सा भरतं तो वाचेल, हे मला अर्धंच वाटतं, आज वाचेल ओ पण पुढं पेन्शन कुठनं देणार? बजेट किंवा कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्यांच्या) रिपोर्टात नेमकं काय बघायचं? ट्रेझरीतलं कुणी असंल तर सांगा, व्हॉट्सॲप फॉरवर्ड नको.