पायथनवाल्यानं प्रोसेसरचे आठ कोअर वापरायला लॉक का शिकावं?

ओझरकर: पिंपळगावच्या एका पॅकहाउससाठी द्राक्षघडांच्या फोटोंवरून रंग मोजणारी स्क्रिप्ट लिहिली. सगळं साधं पायथन. आठ थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधले एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) लावले आणि टास्क मॅनेजर उघडला, तर जेमतेम एका कोअरचं काम चाललेलं. कारण जीआयएल, म्हणजे पायथनच्या आतलं ‘ग्लोबल इंटरप्रिटर लॉक’: एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवणार. मल्टिप्रोसेसिंगला (थ्रेडऐवजी वेगवेगळ्या प्रोसेस) गेलो तर प्रत्येक फोटो पिकल होऊन (बाइट्समध्ये बांधून) इकडून तिकडे. ज्याला द्राक्षं कळतात त्यानं हे का भोगावं? ही डोकेदुखी भाषेनं घ्यावी.

सातपूर_सीप्लसप्लस: जीआयएल आहे म्हणून वाचलात. ‘एकूण += १’ म्हणजे वाचा, वाढवा, लिहा. दोन थ्रेडनी ४१ वाचलं, दोघांनी ४२ लिहिलं, एक घड गायब! एरर नाही, काही नाही. आधी लॉक शिका (एक थ्रेड लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणारं कुलूप), मग पळवा.

ओझरकर: दादा, हे जीआयएल असतानाही होऊ शकतं. ते इंटरप्रिटरला (पायथन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) सांभाळतं, माझ्या बेरजेला नाही. आणि मला थ्रेड नकोच आहेत. पॅकहाउसमधली प्रत्येक बाई आपापल्या क्रेटचा हिशेब ठेवते, संध्याकाळी बेरीज होते. एका वहीसाठी भांडण नाही. नम्बा या पायथन लायब्ररीचं ‘पीरेंज’ (लूप कोअरांवर वाटून देणारं) लूपमधली अशी बेरीज स्वतः ओळखतं. असंच हवं.

मखमलाबाद_नाका: जीआयएलशिवायचं पायथन ३.१३ मध्ये (२०२४) प्रायोगिक आलं, ३.१४ मध्ये (२०२५) अधिकृत झालं, पण अजून वेगळं बिल्ड (वेगळी बांधलेली आवृत्ती) घ्यावं लागतं. तेही घेतलंत तरी पॅकहाउसमध्ये वजनकाटा एकच असेल तर बायका वाढवून उपयोग काय? संगणकतज्ज्ञ अ‍ॅमडालनं १९६७ मध्येच सांगितलंय. दहा टक्के काम एकामागून एक होणारं असेल, तर आठ कोअरवर साधारण ४.७ पट, आठ पट विसरा. हे कुठलीच भाषा लपवू शकत नाही.

सातपूर_सीप्लसप्लस: बेरीज ठीक. त्याच लूपमध्ये सगळ्यांनी एका लिस्टला अपेंड केलं (शेवटी भर घातली) तर? आमच्याकडे एका पोरानं नेमकं तेच केलं. दोन दिवस रोज वेगळे आकडे, आणि तो बिचारा इनपुट फाइल तपासत बसलेला.

ओझरकर: हे मान्य. म्हणूनच भाषेनं तिथेच अडवावं, रस्ट भाषेचा कंपायलर अडवतो तसं.

सातपूर_सीप्लसप्लस: रस्ट?! आत्ता लॉक शिकायला नको म्हणत होतात ना!