नदी आधी की बालवाडी?

काठावरचा: न्यूझीलंडने २०१७ साली कायदा करून व्हांगानुई नदीला व्यक्तीचा दर्जा दिला. आपल्याकडे ‘नदीला माणूस केलं’ एवढंच गाजलं. मला त्यातली भाषा मोठी वाटते. कायद्यात नदीचं नाव ‘ते आवा तुपुआ’, तिच्या वतीने बोलणारे दोघे ‘ते पोउ तुपुआ’. इंग्रजी वकिलालाही हे शब्द उच्चारल्याशिवाय सुटका नाही. माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा, टिकवायची तर आधी नदी, असं माझं मत. हाणा!

शंकेखोर: हाणतोच. भाषा नदीने नाही, आज्यांनी वाचवली. १९८२ साली ‘कोहांगा रेओ’ म्हणजे माओरी बालवाड्या सुरू झाल्या, तिथे म्हाताऱ्या पोरांशी माओरीतच बोलायच्या. १९८७ साली माओरी राजभाषा झाली. तेव्हा कुठे होता नदीचा कायदा? आणि ऑकलंडमध्ये वाढलेल्या पोराने कुठल्या नदीत पाय बुडवायचे?

काठावरचा: आज्या मान्य. पण देशभर ऐकू येते ती साधारण एकच माओरी, त्यात व्हांगानुईचं पहिलं अक्षर ‘फ’सारखं. काठावरचे लोक तिथे ‘व’ म्हणून क्षणभर घसा अडवतात. ‘हाएरे माई’ म्हणजे ‘या’. त्यांच्या तोंडी ‘ह’ जवळजवळ गायब. नदीच्याच नावाच्या शहराच्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ घालायचा की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण झालं. ‘इथे ह म्हणतंच कोण?’ हा विरोधकांचा लाडका मुद्दा. २०१५ साली जिल्ह्याच्या अधिकृत नावात एच घालायचं ठरलं. हा अडवलेला घसा ऑकलंडच्या वर्गात कोण शिकवणार?

वेलिंग्टनकर: काठावरच्या गावांची नावं वाचा: रानाना, आतेने, कोरिनिति, हिरुहारामा. म्हणजे लंडन, अथेन्स, कॉरिंथ, जेरुसलेम! मिशनऱ्याने दिलेली नावं, पण माओरी जिभेने अशी चावली की लंडनला ओळख लागू नये. 😄

खानदेशी: आमच्याकडे उलटं झालं. सरदार सरोवराचं पाणी चढलं, अक्राणी-अक्कलकुव्याचे लोक पुनर्वसन वसाहतींत आले. काठावर नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळांत पोरं पावरीत, म्हणजे आपल्या आदिवासी भाषेत शिकली, म्हणजे शंकेखोरांची बालवाडी आमच्याकडेही होती. पण वसाहतीतल्या एका म्हाताऱ्याला मी माशांची नावं विचारली. चार-पाच सांगितली नि थांबला. म्हणे, समोर मासा दिसला की नाव येतं, असं बसून येत नाही.

शंकेखोर: वाईट वाटलं, खरंच. पण मग व्हांगानुईत तरी काय वेगळं? आगबोटींना वाट हवी म्हणून तिथले ‘पा तुना’, म्हणजे वाम धरायचे बांध, एकोणिसाव्या शतकातच उखडले. उगमाकडचं पाणी १९७०च्या दशकापासून तोंगारिरो वीज प्रकल्पाकडे वळवलंय, कायद्यानंतरही वळतंच आहे. बांध नाहीत, पाणी अर्धंमुर्धं. ‘पा तुना’ म्हणायचं कशाला बघून?

काठावरचा: अहो, तेच तर पहिल्यापासून सांगतोय!

शंकेखोर: थांबा, मी कायद्याबद्दल बोलत होतो.